नेट चालते, मग डोमेन काहून सापडत नाही?

प्रश्न : सर, हिंगणा एमआयडीसीत आमचं छोटंसं वर्कशॉप आहे, ऑफिसात अकरा पीसी अन एक विंडोज सर्व्हर. मागच्या महिन्यात इंटरनेटवाल्यानं राउटर बदलून दिला. आता दोन नवीन पीसी डोमेनला, म्हणजे ऑफिसातले सगळे पीसी अन लॉगिन सर्व्हरवरून सांभाळणाऱ्या व्यवस्थेला, जोडायला गेलो की डोमेन कंट्रोलरशी, म्हणजे ती चालवणाऱ्या सर्व्हरशी, संपर्क होत नाही असा मेसेज येते. नेट मस्त चालते, जुने पीसी पण लॉगिन होतात. मेन्टेनन्सवाला म्हणते विंडोज पुन्हा टाका, दोनदा टाकली. काहून होत असेल?
– एक वाचक, हिंगणा

उत्तर : भाऊ, तिसऱ्यांदा नका टाकू, विंडोजचा काही दोष नाही याच्यात. तुमच्याच पत्रात उत्तर आहे, राउटर बदलला. पीसीला डोमेन शोधायचं असलं की तो डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला, विचारते की या डोमेनचा सर्व्हर कुठं बसते, अन ही माहिती फक्त तुमच्या सर्व्हरवरच्या डीएनएसजवळ असते. नवा राउटर आता स्वतःच सगळ्यांना आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, वाटत असणार अन डीएनएस म्हणून स्वतःचाच पत्ता देत असणार. त्याला यूट्यूब माहीत आहे, तुमचं डोमेन नाही, म्हणून नेट चालते अन डोमेन सापडत नाही.

नवीन पीसीवर काळी खिडकी, म्हणजे कमांड प्रॉम्प्ट, उघडून आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल (ipconfig /all) मारा. डीएनएस सर्व्हर्सच्या ओळीत १९२.१६८.१.१ असा राउटरचा पत्ता दिसला की समजा चोर सापडला. मग एनएसलुकअप (nslookup) लिहून पुढं डोमेनचं पूर्ण नाव टाका, सर्व्हरचा आयपी आला पाहिजे.

अन जुने पीसी लॉगिन होतात याच्यावर जाऊ नका बरं का, सगळे इथंच फसतात. विंडोज आधी येऊन गेलेल्या १० युजरचं लॉगिन स्वतःजवळ जपून ठेवते, सर्व्हर सापडला नाही तरी आत घेते. त्या जुन्या पीसीवर आजपर्यंत कधीच न बसलेल्या माणसाला लॉगिन करायला लावा, मग कळते खरं काय ते.

उपाय म्हणजे राउटरच्या डीएचसीपी (आयपी वाटायचं काम) सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी सर्व्हरचा आयपी टाका, किंवा राउटरचं डीएचसीपी बंद करून ते काम सर्व्हरलाच द्या, हे जास्त बरं. बाहेरच्या वेबसाइटसाठी सर्व्हरच्या डीएनएसमध्ये फॉरवर्डर, म्हणजे स्वतःला माहीत नसलं ते पुढं कोणाला विचारायचं त्याचा पत्ता, टाकायचा, गूगलच्या डीएनएसची म्हणजे ८.८.८.८ ची जागा तिथं. पीसीवर दुसरा डीएनएस म्हणून तो टाकू नका, धरमपेठेतल्या एका ऑफिसात मी स्वतः हाच शहाणपणा केला होता, म्हटलं सर्व्हर बंद पडला तर नेट तरी राहील, अन मग कधी डोमेन सापडे कधी नाही, अर्धा दिवस मी केबल अन स्विच बदलत बसलो. पहिल्यानं उत्तर द्यायला उशीर केला की विंडोज दुसऱ्याकडं जाते अन काही वेळ तिथंच चिकटून राहते. आणखी एक, नवे राउटर आयपीव्ही६ (आयपीचा नवा, लांब पत्त्यांचा प्रकार) वरूनही आपला डीएनएस घुसवतात, त्या ओळीत लांबलचक पत्ता दिसला तर तोही राउटरमधून बंद करा.

एवढं करूनही नाही जुळलं तर घड्याळ पाहा, पीसी अन सर्व्हरच्या वेळेत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक कर्बेरॉसला, म्हणजे डोमेनमध्ये ओळख तपासणाऱ्या पद्धतीला, चालत नाही. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मेला की मेन स्विच बंद केल्यावर तारीख मागं जाते.

प्रश्न : फॉरमॅट केलेला पीसी जुन्याच नावानं डोमेनला जोडतो आहे, तर म्हणते या नावाचं अकाउंट आहे अन सुरक्षा धोरणामुळं ते वापरता येत नाही. आधी तर चालत होतं!
– एक वाचिका, सीताबर्डी

उत्तर : ताई, ऑक्टोबर २०२२ च्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टनं हे आवळलं. ज्यानं ते अकाउंट बनवलं त्याच्याच युजरनं जोडून पाहा, नाहीतर पीसीला नवीन नाव द्या, पण १५ अक्षरांच्या आत ठेवा. जुनं अकाउंट उडवलं तरी जमते, पण घाईनं नका उडवू, बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या सोयीची) रिकव्हरी किल्ली कित्येकदा त्याच्याच खाली साठवलेली असते, ती पण सोबत जाते. रजिस्ट्रीतली (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या नोंदवहीतली) जी युक्ती लोक सांगतात ती नंतरच्या अपडेटांनी बंद केली आहे.

प्रश्न : नवीन लॅपटॉपमध्ये डोमेनचा पर्यायच दिसत नाही.
– एक वाचक, इतवारी

उत्तर : कीबोर्डवर विंडोज आणि आर ही बटणं सोबत दाबून विनव्हर (winver) लिहा. विंडोजची होम आवृत्ती दिसली ना? होम डोमेनला जुळतच नाही राजा, प्रो आवृत्तीची लायसन्स-की घ्यावी लागते. फॉरमॅट करायची गरज नाही, सेटिंगमधूनच ती की टाकता येते.