पेट्रोलची बचत हप्ता भरेल का?

प्रश्न: मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. वय ४२, हातात पगार ७१ हजार. शाळा घरापासून ३१ किलोमीटर. जुन्या पेट्रोल गाडीने जाणं-येणं करतो, सोबत दोन सहकारी असतात, ते पेट्रोलचे महिन्याला प्रत्येकी २ हजार देतात. वर्षाला गाडी २० हजार किलोमीटर फिरते. दिवाळीत नागपूरला साळ्याची इलेक्ट्रिक गाडी चालवली, तेव्हापासून मन तिथेच आहे. २४ युनिट बॅटरीची नवी गाडी सगळं धरून ११ लाखांना पडते. ४ लाखांची एफडी मोडायची, ७ लाखांचं कर्ज घ्यायचं (५ वर्षं, ९ टक्के) आणि जुनी गाडी बाबांच्या दवाखान्यासाठी घरी ठेवायची, असा विचार आहे. माझ्या हिशेबाने वर्षाला १ लाख १४ हजार वाचतात. शोरूममध्ये व्याजावर दीड लाखाची करसवलत आहे असंही सांगितलं. घरी मात्र बायको म्हणते, एफडी मुलीची आहे, तिला हात लावायचा नाही. मुलगी नववीत. सहा एकर कोरडवाहू शेती, कपाशी आणि तूर. सव्वा लाखाची आरडी पुढच्या महिन्यात पिकते. जुन्या गाडीचे सव्वादोन लाख येतील. काय करावं?

सर, नमस्कार.

आधी करसवलतीचं मिटवून टाकू. इलेक्ट्रिक गाडीच्या कर्जावर व्याजाची दीड लाखापर्यंत वजावट देणारं आयकर कायद्याचं कलम ८०ईईबी फक्त १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांना लागू होतं. आज घेतलेल्या कर्जाला त्यातला एक रुपयाही मिळणार नाही. जो विक्रेता ही सवलत आजही सांगतो, त्याचे बाकीचे आकडेही लिहून घ्या आणि पडताळून पाहा.

आता तुमचा हिशेब. पेट्रोलची बाजू बरोबर आहे. गाडी १६ चं ॲव्हरेज देते, पेट्रोल १०५ रुपये धरलं, तर २० हजार किलोमीटरला वर्षाचे १ लाख ३१ हजार जातात. चूक विजेच्या बाजूला आहे. तुम्ही युनिट ६ रुपयांना धरलंय, पण तेवढ्याला ते पडतं महिन्याच्या पहिल्या १०० युनिटांपर्यंतच. तुमच्या बिलावर ११० युनिट दिसतात, म्हणजे पहिला टप्पा घरानेच संपवला आहे. गाडीचं प्रत्येक युनिट त्याच्या वरच्या टप्प्यात जाणार, आणि तिथे दर जवळपास दुप्पट होतो. शुल्क-आकार धरून १२ रुपये धरा. चार्जिंगमध्ये थोडी वीज उष्णतेत जाते, म्हणून मीटरवरच्या एका युनिटमागे सात किलोमीटर धरावेत. घरी चार्ज करून १७ हजार किलोमीटर चाललात तर २९ हजार रुपये. उरलेले ३ हजार किलोमीटर बाहेरच्या फास्ट चार्जरवर, तिथे युनिटला वीस-बावीस रुपये पडतात, ते साडेनऊ हजार. म्हणजे वर्षाला साडेअडतीस हजार. इंधनावरची खरी बचत साडेब्याण्णव हजार.

ही रक्कम लहान नाही. पण तीही सगळी तुमच्या खिशात येत नाही. तुमचे दोन सहकारी शाळेच्या दहा महिन्यांत मिळून ४० हजार देतात, ते तुमच्या कागदावर कुठेच नाहीत. गाडी विजेवर आली की ते पेट्रोलचे पैसे देणार नाहीत, आणि तुम्हालाही मागवणार नाहीत. प्रत्येकी १२०० घेतले तरी १६ हजार कमी झाले. नव्या गाडीचा विमा वर्षाला ३० हजारांच्या घरात जाईल आणि जुनी घरी ठेवायची म्हणजे तिचाही चालूच राहील. हे सगळं वजा केलं की हातात ४७ हजार उरतात, महिन्याला चार हजारांहून थोडे कमी. हप्ता आहे १४ हजार ५३१. एफडीचं व्याज बुडणार, ते महिन्याला आणखी सव्वादोन हजार. तुम्हाला वाटत होतं की खिशातून फक्त पाचेक हजार जातील. प्रत्यक्षात १३ हजारांच्या आसपास जातील, पाच वर्षं. ७१ हजारांच्या पगारात हे झेपेलही. पण मुलगी दोन वर्षांनी अकरावीला जाईल, नागपूर किंवा लातूरला क्लास लावायचा ठरला तर नेमका तेव्हाच हा हप्ता छातीवर बसलेला असेल. कपाशीच्या भरवशावर हप्ता धरू नका, तूर-कपाशीचं उत्पन्न आलं तर वरचं समजा.

वहिनींचं बरोबर आहे. एफडी मोडायची नाही. एवढं एक पक्कं धरूनच पुढचं वाचा.

तुम्ही पत्रात चाचपडत लिहिलंय की "चालवायला फार बरं वाटलं, पण हे काही कारण झालं का?" झालं, सर. पूर्ण झालं. मी अमरावतीत राहतो, दोन वर्षांपासून इलेक्ट्रिक गाडी चालवतो, आणि अजूनही सकाळी निघताना मन हलकं होतं. पहाटे काच खाली करून सागाच्या जंगलातून जाताना मोर ऐकू येतो, हे मला आधीच्या वीस वर्षांच्या गाड्यांनी कधी दिलं नाही. गेल्या पावसाळ्यात परतवाड्याहून चिखलदऱ्याला गेलो. चढताना बॅटरीचा आकडा भराभर उतरला, बायको काळजीने त्याकडेच बघत होती. परतताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी स्वतःच धरून ठेवते, चाकं मोटरला फिरवतात आणि वीज बॅटरीत परत जाते. सगळा घाट ब्रेकला जेमतेम चार-पाच वेळा पाय लागला, आणि खाली आलो तेव्हा आकडा वरून, चिखलदऱ्याहून निघतानाच्या आकड्यापेक्षा दोन टक्क्यांनी जास्त होता. क्लच नाही, गिअर नाही. रोज ६२ किलोमीटर, खड्डे चुकवत, दिवसभर मुलांसमोर उभं राहून परतणाऱ्या माणसाच्या गुडघ्याला आणि डोक्याला याचा किती फरक पडतो, ते तुम्ही साळ्याच्या गाडीत अनुभवलंच आहे. या सुखाला किंमत द्यायला हरकत नाही. फक्त ती "बचत" या नावाखाली लिहायची नाही, खर्च म्हणून लिहायची आणि परवडते का ते बघायचं. महिन्याला १३ हजार ही त्या सुखाची तुमच्यासाठी जास्त किंमत आहे. ४ हजार मला योग्य वाटते, आणि ती चार हजारांवर आणता येते.

दोन-तीन वर्षं वापरलेली, त्याच २४ युनिट बॅटरीची गाडी साडेसहा लाखांच्या आसपास मिळते. या गाड्यांची किंमत पहिल्या वर्षांत पेट्रोल गाडीपेक्षा वेगाने उतरते, तो तोटा आधीच्या मालकाला बसू द्या. जुनी गाडी विकून सव्वादोन लाख, आरडीचे सव्वा लाख, उरलेले ३ लाख कर्ज. वापरलेल्या गाडीला व्याज जास्त, १२ टक्के धरलं, तर तीन वर्षांना हप्ता दहा हजारांच्या आत बसतो. विकलेल्या जुन्या गाडीचा विमा वाचला, घेतलेल्या गाडीचा प्रीमियमही कमी, सर्व्हिसिंगचे थोडे वाचतात. बचत वर्षाला ७० हजार होते, महिन्याला ५८००. म्हणजे खिशातून चार हजार, तेही तीनच वर्षं, आणि मुलगी बारावी होईपर्यंत कर्ज संपलेलं. हप्त्याची तारीख मात्र १० किंवा १५ घ्या. पगार पुढेमागे होतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

अशी गाडी घेताना दोन कागदांशिवाय पैसे देऊ नका. एक, बॅटरीत किती दम उरलाय याचा अधिकृत सर्व्हिस सेंटरचा अहवाल. दोन, बॅटरीची वॉरंटी दुसऱ्या मालकाला किती लागू आहे ते लेखी. या वर्गात साधारण ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते, आणि तुमच्या धावेने पुढची पाच वर्षं ती पुरते. बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असली तर आपल्या उन्हाला बरी, हे रसायन उष्णता जरा जास्त सोसतं.

जुनी गाडी विकली तर रात्री-अपरात्री बाबांचं काय, ही तुमची खरी धास्ती आहे. ती रास्त आहे. मे-जूनच्या वादळात तार तुटली की दोन-दोन दिवस लाइन येत नाही. माझा नियम असा: गाडी ४० टक्क्यांच्या खाली घरात मुक्काम करत नाही. ४० टक्क्यांत ७५ किलोमीटर होतात, तुमच्याकडून यवतमाळचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय साधारण ४५ वर आहे. आभाळ भरून आलं की आधी गाडी लावायची, मग गच्चीवरची मिरची उचलायची. रोजच्या ६२ किलोमीटरला बॅटरीचा तिसरा हिस्सा जातो, तो मध्यरात्रीनंतर तीन-साडेतीन तासांत भरून निघतो. त्या वेळी व्होल्टेजही चांगलं असतं.

पण घराची वायरिंग. इथे मी तुम्हाला कळकळीने सांगतो. आमच्याकडे गाडी आली त्या पहिल्याच आठवड्यात, एका ओळखीच्या वायरमनने बसवून दिलेलं १५ अँपिअरचं सॉकेट रात्री वितळलं. वास आला म्हणून उठलो. पातळ वायर होती आणि अर्थिंग नावालाच. गिझर वीस मिनिटं चालतो, गाडी सलग काही तास तेवढाच भार ओढते, हा फरक त्याच्या लक्षातच आला नव्हता. मीटरपासून सॉकेटपर्यंत वेगळी जाड तांब्याची वायर, वेगळा एमसीबी, आणि गाडीसाठी नवा अर्थिंगचा खड्डा, कोळसा-मीठ घालून. आपली काळी माती एप्रिलमध्ये भेगाळते, ओल जाते आणि अर्थिंग सुटतं, मग चार्जर लाल दिवा लावून बसतो. उन्हाळाभर दर दोन दिवसांनी त्या खड्ड्यात बादलीभर पाणी घालायचं. महावितरणकडे अर्ज करून मंजूर भार वाढवून घ्या. वाहन चार्जिंगचा दर वेगळा आहे, त्यावर दुसरं मीटर घेणं तुम्हाला स्वस्त पडेल का हेही शाखा कार्यालयात विचारा. शेतातल्या पंपाच्या कनेक्शनवर गाडी कधीही लावू नका. दुसऱ्याच कामासाठी वीज वापरली की वीज कायदा २००३ चं कलम १२६ लागतं, आणि त्या एका बिलात वर्षाची बचत जाते.

छपरावर जागा असेल तर गाडीच्या आधी सोलर बसवा. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजार अनुदान आहे, ते धरून तुमच्या हातचे सव्वा लाख जातील. आपल्याकडच्या उन्हात ३ किलोवॅट महिन्याला साडेतीनशेच्या आसपास युनिट देतं. तुमचं घर ११० आणि गाडी २००, सगळं त्यात बसलं. वर्षाला ३५ हजारांचं बिल वाचतं, साडेतीन वर्षांत पैसे मोकळे. बँका यासाठी गाडीच्या कर्जापेक्षा कमी व्याजाने कर्ज देतात. गाडी घेतली नाहीत तरी निम्म्या आकाराचं सोलर घ्यावं असंच मी सांगेन. लाइन गेली की हे सोलरही बंद पडतं, एवढं लक्षात असू द्या.

रोजच्या वापरातलं थोडं. मेमध्ये ४५ डिग्रीत एसी लावून गाडीची धाव दहा-पंधरा टक्के घटते. पूर्ण चार्ज करून उन्हात दिवसभर उभी ठेवू नका, शाळेच्या कडुनिंबाखाली लावा, टिनाच्या शेडखाली भट्टी होते. उंदीर वायर कुरतडतात, विम्यात ते बसतं का बघा. शेताच्या पांदण रस्त्यावर पावसात नेऊ नका, खालून बॅटरीला दगड लागतो, तिथे मोटरसायकल बरी. नागपूरला जाताना वर्ध्याला तासभर थांबावं लागेल. निघायच्या आदल्या दिवशी ॲपवर चार्जर चालू आहे का पाहा आणि दुसरा एक हाताशी ठेवा. समृद्धीवर १२० ने पळवली तर धाव बरीच आटते, ८०-९० वर चांगली टिकते. राज्याच्या २०२५ च्या धोरणात समृद्धीवर इलेक्ट्रिक कारला टोलमाफी जाहीर आहे, पण तुमचा नेहमीचा रस्ता तो नाही, म्हणून हिशेबात धरली नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिलीच नाही, आणि सगळा निर्णय तिच्यावर आहे. या शाळेत तुम्हाला किती वर्षं झाली? बदलीपात्र यादीत नाव आहे का? वर लिहिलेली बचत रोजच्या ६२ किलोमीटरमधून येते. उद्या बदली होऊन शाळा सहा किलोमीटरवर आली तर धाव सात-आठ हजारांवर येईल, ७० हजारांची बचत निम्मीही राहणार नाही, आणि मग तुमची जुनी पेट्रोल गाडीच आणखी चार वर्षं चालवणं शहाणपणाचं. वणी-झरीकडे बदली झाली आणि तिथेच खोली करून राहिलात, तर चार्जिंग भाड्याच्या घरात कुठे करणार हा वेगळाच प्रश्न.

म्हणून बदल्यांचं चित्र स्पष्ट होईपर्यंत टोकन देऊ नका. तोवर सोलरचा अर्ज टाका, अर्थिंगचा खड्डा करून घ्या. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी साळ्याची गाडी आठ दिवस मागून आणा आणि घरून शाळेत घेऊन जा. रोज निघतानाचे टक्के, परतल्यावरचे टक्के, किलोमीटर आणि रात्रीचं मीटर रीडिंग एका वहीत लिहा. वहिनींना आणि बाबांनाही एकदा यवतमाळपर्यंत फिरवून आणा, मागच्या सीटवर बाबांच्या कमरेला कसं वाटतं ते विचारा. त्या वहीच्या पानांचे फोटो मला पाठवा, मी माझे सात किलोमीटर खोडून तुमचा आकडा घालून हिशेब पुन्हा करून देतो.