'आहे'ची खूण शोधू नका

प्रश्न : ताई नमस्कार, मी कोल्हापुरात कळंब्याला राहते. गेल्या उन्हाळ्यात धाकट्या दिराचं लग्न झालं, जाऊ जन्मापासून कर्णबधिर आहे. दीर तिच्याशी साइन लँग्वेजमध्ये मस्त बोलतो, पण दिवसभर स्वयंपाकघरात आम्ही दोघीच. यूट्यूब बघून मी दोनेकशे खुणा पाठ केल्या, एबीसीडी पण केली, तरी वाक्य करायला गेलं की ती हसते नाहीतर नुसती बघत बसते. परवा 'तुझ्या माहेरचं गाव कुठं आहे' एवढं विचारायला मी 'आहे'ची खूण अर्धा तास शोधत होते! व्याकरण कुठून शिकू? बाहेरगावी क्लासला जाणं काही जमणार नाही.

उत्तर : अहो, सापडणार कशी, त्या भाषेत 'आहे' नाहीच! तुम्ही मराठी वाक्य हातावर चढवताय, तिथंच गाडी अडतीय. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे आणि गंमत म्हणजे मराठीवाल्याला ते इंग्रजीवाल्यापेक्षा सोपं जातं. 'तुझं नाव काय?' आपण बोलतो तसंच चालतं, प्रश्नाचा शब्द शेवटी. नकारही शेवटीच, 'मटण मी खात नाही' सारखा, सोबत मान हलवायची. फक्त 'तू कुठं चाललीस' मध्ये आपला 'कुठं' मधे येतो, तिथं तो ओढून शेवटी न्यायचा. काळ आधी सांगायचा, काल म्हटलं की पुढचं सगळं कालचंच, क्रियापद बदलत बसायचं नाही.

आता खरी अडचण. तुम्ही बहुतेक हातांकडेच बघत असणार, पण अर्धं व्याकरण चेहऱ्यावर असतं. 'जेवलीस का?' मधला 'का' हातात नाही, भुवयांत आहे, भुवया वर आणि मान जरा पुढं. भुवया हलल्या नाहीत तर तुम्ही तिला 'जेवलीस' असं सांगून मोकळ्या होता, मग ती बिचारी बघत बसणारच की. आणि 'देणे' ची खूण तुमच्याकडनं तिच्याकडं नेली तर 'मी तुला देते', उलटी आणली तर 'तू मला दे', मी-तू वेगळं सांगायलाच नको.

शिकायला म्हणाल तर दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राची डिक्शनरी यूट्यूबवर फुकट आहे, 2018 मध्ये 3,000 शब्द होते, 2021 मध्ये 10,000 झाले. त्यांचं साइन लर्न नावाचं अ‍ॅपही आहे. पण डिक्शनरी ही डिक्शनरीच, शब्दकोश पाठ करून कुणी मराठी बोलायला लागलंय का? वाक्यांसाठी एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, त्यांनी दहावीच्या पातळीला हा विषय ठेवलाय, त्याचं साहित्य बघा. आणि कर्णबधिर माणसं स्वतः गप्पा मारतायत असे व्हिडिओ आवाज बंद करून, स्पीड कमी करून बघा, एकच मिनिट पण चार वेळा.

एखादी खूण डिक्शनरीत वेगळी आणि जाऊ वेगळी करत असेल तर जाऊचं खरं धरा, गावागणिक, शाळेगणिक खुणा बदलतात. ती मोबाइलवर मराठी वाकडंतिकडं लिहीत असेल तर हसू नका, मराठी तिच्यासाठी दुसरी भाषा आहे.

आणि हो, एबीसीडी एका हाताची शिकलात का? मग ती बहुतेक अमेरिकन. आपली दोन हातांची असते, परत शिकावी लागणार!