शिकागोचं प्रदर्शन बंद झालं, तिथून सुरू कर

अगं,

तुझा मेल वाचला, थीसिसची जोडलेली पानंही वाचली. प्रोफेसर म्हणतात १८९३ चं शिकागोचं जागतिक प्रदर्शन म्हणजे वीज, फेरिस व्हील, पांढऱ्या राजवाड्यांचं ते पांढरं शहर, अमेरिकेचा सोन्याचा क्षण, आणि तुझ्या ग्रुपमधली मुलं म्हणतात ते सगळं वर्णद्वेषी ढोंग होतं, आणि तू मधल्या मधे अडकलीस आणि आता विचारतेयस की विषयच बदलू का. बदलू नकोस. आणि कुठली बाजू घेऊ हेही मला विचारू नकोस, त्या प्रश्नाचा मला मनापासून कंटाळा आलाय. माझ्याकडे इंटर्न होतीस तेव्हा मी एकच प्रश्न विचारायचो आणि तुम्ही सगळे माझ्या पाठीमागे त्याची नक्कल करायचात, मला माहीत होतं. बंद झाल्यावर काय? परत तोच विचारतोय. नक्कल कर खुशाल, पण उत्तर दे.

तुझं पहिलं पान काय आहे बघ. १ मे १८९३, प्रेसिडेंट क्लीव्हलँडनी बटण दाबलं, कारंजी उडाली, झेंडे फडकले. हे काढून टाक. हे सगळ्यांनी लिहिलंय. उद्घाटन हा कुठल्याही प्रदर्शनाचा सगळ्यात खोटा दिवस असतो हे मी आयुष्यभर याच धंद्यात राहून सांगतोय. ३० ऑक्टोबरपासून सुरू कर, समारोपाच्या दिवसापासून, जो समारोप झालाच नाही, कारण दोन दिवस आधी मेयर कार्टर हॅरिसन यांना त्यांच्याच घरात कुणीतरी गोळ्या घातल्या आणि सगळा सोहळा रद्द झाला. साधारण पावणेतीन कोटी लोक येऊन गेलेली जत्रा आणि शेवट असा. इथून लिहायला लागलीस की बाकीचं आपोआप दिसायला लागेल.

आता ते पांढरं शहर. तुला माहितीय ते कशाचं होतं, पण तू ते एका ओळीत उडवलंयस. प्लास्टर, थोडं सिमेंट आणि तागाचे तंतू, आत लोखंड आणि लाकूड. आपल्या गणपतीच्या देखाव्यासारखंच, समोरून राजवाडा आणि मागून बांबू आणि गोणपाट, फक्त तळ्याकाठी आणि मैलभर लांबीचं. ते उभारणाऱ्या आर्किटेक्ट बर्नहॅम आणि मंडळींना ते टिकवायचं नव्हतंच, त्यामुळे कुणाला फसवलं असंही नाही. पण १८९३ हेच मोठ्या मंदीचं वर्ष, बँका बुडत होत्या, कारखाने बंद पडत होते, आणि प्रदर्शन संपल्यावर त्या हिवाळ्यात बेकार, बेघर माणसं त्याच रिकाम्या राजवाड्यांत झोपायला जायला लागली. याच्यावर तुझ्या अख्ख्या ड्राफ्टमध्ये एक वाक्य नाही! जानेवारी १८९४ मध्ये एक आग लागली. मग रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमनच्या कारखान्यातला संप, तोच पुलमन ज्याचं आदर्श कामगार-गाव बघायला प्रदर्शनाचे पाहुणे जायचे, त्याने पगार कापले आणि घरभाडी तशीच ठेवली, आणि संप चिघळला, शहरात लष्कर आलं, आणि ५ जुलैच्या रात्री मधल्या चौकातल्या सगळ्या मोठ्या इमारती जळून गेल्या. गौरव की ढोंग विचारतेयस ना, मग हे नऊ महिने नीट लिही आणि मला सांग तो प्रश्न उरतो का.

आणि जे उरलं ते का उरलं, हे बघ. नशिबाने नाही. कलादालनात युरोपातून आणलेली चित्रं लावायची होती, ती देणारे लोक म्हणाले आगीपासून सुरक्षित इमारत हवी, म्हणून तिच्या आत विटांच्या भिंती घातल्या, म्हणून ती टिकली, तिथे आधी फील्ड म्युझियम आलं आणि बाहेरचं प्लास्टर गळायला लागल्यावर ती दगडात परत बांधून काढली, १९३३ पासून तिथे म्युझियम ऑफ सायन्स अँड इंडस्ट्री. तू तिथे गेलीयस, पाणबुडीचे फोटो पाठवलेस मला. भिंतीचा एक नाही.

दुसरी टिकली ती मिशिगन अव्हेन्यूवरची. आपल्याकडे शिकागो म्हटलं की विवेकानंद, बास, तिथेच गाडी थांबते. ती सर्वधर्म परिषद जत्रेच्या मैदानात नव्हतीच, तिथून दहा-अकरा किलोमीटर उत्तरेला होती, आज जिथे आर्ट इन्स्टिट्यूट आहे त्या इमारतीत. ती इमारत का आहे अजून? कारण पैसे घालतानाच ठरलं होतं की परिषदा संपल्या की ती आर्ट इन्स्टिट्यूटची. बंद झाल्यावर काय, याचं उत्तर आधी तयार होतं. बाकी पुतळे, खांब, घुमट, गेले सगळे. (त्याच परिषदेत मुंबईचे बी. बी. नगरकर ब्राह्मो समाजाच्या वतीने बोलले होते, वीरचंद गांधी जैनांच्या वतीने. तुला मराठी असोसिएशनसाठी लेख मागितलाय ना, तर अकरा सप्टेंबरचं भाषण सोडून नगरकर शोध जरा.)

आता मी तुला हे एवढं का ठोकून सांगतो ते सांगतो, म्हणजे तू म्हणायला नको की सर हट्टी आहेत. हट्टी आहेच. एक मोठं काम होतं माझ्याकडे, नाव काढत नाही, गावोगावच्या कारागिरांकडून वस्तू गोळा करून लावायचं प्रदर्शन. मी म्हटलं, संपल्यावर या वस्तू कुठे जाणार ते एका कागदावर लिहून सही करा, मग मी डिझाइन देतो. ते म्हणाले नंतर बघू. मी काम सोडलं. माझा पार्टनर राहिला, प्रदर्शन झालं, पेपरात फोटो, त्याला अवॉर्ड मिळालं आणि वस्तू पॅकिंगच्या खोक्यांत एका गोडाऊनमध्ये गेल्या, पुढचं कुणाला माहीत नाही. लोक म्हणाले आत राहून भांडायला हवं होतं. असेल. मैत्री गेली त्याचं वाईट वाटतं, अजून वाटतं, त्याच्यासारखा हात परत कुणाचा बघितला नाही मी. पण काम सोडल्याचं नाही वाटत. तो कागद मागणं चूक नव्हतं आणि कुणी काहीही म्हणो मी आजही मागेन. असो, तुझ्याकडे येतो.

सोफिया हेडन. तू तिच्यावर छान दोन पानं लिहिलीयस, एमआयटीतून आर्किटेक्चरची पदवी घेतलेली पहिली बाई, महिला दालनाच्या इमारतीची स्पर्धा जिंकली, १००० डॉलर बक्षीस, पुरुष आर्किटेक्टना १०००० मिळत होते, सगळं बरोबर. पण तुझं प्रकरण इमारतीचं उद्घाटन झालं की संपतं. पुढे? तिने परत एकही मोठी इमारत बांधली नाही. तिची ती इमारत गेली. आत मेरी कॅसाटचं भलंमोठं भित्तिचित्र होतं, ज्ञानाची फळं तोडणाऱ्या बायका, ते उतरवलं आणि हरवलं, आजतागायत पत्ता नाही. तुला हे दिसत नाही याचा मला खरंच राग येतो, कारण तू हुशार आहेस.

ते चाक बांधणाऱ्या फेरिसचंही तेच. २६४ फूट, ३६ डबे, एकेका डब्यात ६० माणसं, हे शाळेतलं पोरगं पण सांगेल. चाक थांबल्यावर नफ्याच्या वाट्यावरून कोर्टकचेऱ्या, १८९६ मध्ये तो ३७ व्या वर्षी टायफॉइडने गेला, आणि चाक शहराच्या उत्तर भागात हलवलं, तिथे चाललं नाही, मग १९०४ च्या सेंट लुईसच्या प्रदर्शनात फिरवलं आणि १९०६ मध्ये डायनामाइट लावून पाडलं.

आणि तुझ्या मित्रमंडळींनाही सांग, त्यांचाही मुद्दा ते अर्धवट सोडतात. कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स आणि गुलामीविरुद्ध लढलेले नेते फ्रेडरिक डग्लस यांनी पत्रक काढलं, कृष्णवर्णीय अमेरिकन या प्रदर्शनात का नाहीत ते सांगणारं. ते वाटलं कुठून तर हैतीच्या दालनातून, कारण डग्लस तिथे हैतीचे प्रतिनिधी होते, स्वतःच्या देशाने त्यांना जागा दिली नव्हती. वेल्स त्यानंतर शिकागोतच राहिली, तिथेच लग्न केलं, तिथूनच लिंचिंगविरुद्ध लढली. संगमरवर वाटणारं सगळं जळालं आणि फुकट वाटलेलं पत्रक आज तुझ्या लायब्ररीत आहे. निषेध म्हणून दोन ओळींत त्याचा उल्लेख करून पुढे जायचं नाही, ते प्रदर्शनातून टिकलेली वस्तू म्हणून यादीत घाल, विटांच्या भिंतीच्या बरोबरीने.

विजेचं मात्र मान्य करायलाच लागेल, तिथे तुझे प्रोफेसर बरोबर आहेत. वेस्टिंगहाऊसने जनरल इलेक्ट्रिकपेक्षा कमी बोली लावून दिव्यांचं काम घेतलं, एसी करंट एवढ्या मोठ्या जागेवर चालतो हे लोकांना दिसलं, त्याच ऑक्टोबरात नायगाराचं काम त्यांना मिळालं आणि १८९६ मध्ये वीज बफेलोपर्यंत गेली. दिवे उतरले, पद्धत राहिली. पण बघ, हेसुद्धा तुला नायगारापर्यंत गेलीस तरच लिहिता येतं, दिव्यांचं वर्णन करून नाही.

आर्किटेक्ट सलिव्हनचं ते वाक्य, या प्रदर्शनाने अमेरिकन वास्तुकलेचं पन्नास वर्षांचं नुकसान केलं वगैरे, कृपा करून टाकू नकोस, प्रत्येक थीसिसमध्ये असतं.

करायचं काय ते सांगतो. एक यादी कर, काय कुठे गेलं याची. प्रदर्शनातल्या बेटावरचं जपानी दालन, हो-ओ-डेन, शहराला भेट दिलेलं, ते १९४६ पर्यंत होतं, मग जळालं. नॉर्वेहून समुद्र ओलांडून आलेलं व्हायकिंग जहाज अजून आहे, तुझ्यापासून लांब नाही, जिनिव्हा नावाच्या गावात. मेन राज्याची इमारत एका हॉटेलवाल्या कुटुंबाने विकत घेतली, सुटी करून रेल्वेने पोलंड स्प्रिंगला नेली आणि तिथे लायब्ररी म्हणून परत उभी केली, ती आहे. जहाज आधी बघ, मग जमलं तर मेनला जा. तिकिटाला पैसे कमी पडत असतील तर लाजू नकोस, सांग, आईला कळणार नाही. आणि प्रोफेसरना मेल करून आजच कळव की पहिलं प्रकरण बदलतेयस, विषय नाही, आणि त्यांनी कारण विचारलं तर माझं नाव घेऊ नकोस, तुझं तू सांग.