दप्तरावरची काळी पट्टी

मे महिना सरत आला की समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणाऱ्या पालकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "मॅडम, महापालिकेच्या शाळेत घातलं तर मुलाचं नुकसान होईल का हो?" करोनानंतरच्या वर्षांत तर हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की दारातून आत येणाऱ्या आईच्या चालण्यावरून तो मला आधीच ओळखू येतो. कोणाची नोकरी गेलेली असते, कोणाचा धंदा बसलेला, कोणाची फी दोन-दोन वर्षं थकलेली. आणि जवळपास प्रत्येकाच्या बोलण्यात एक शब्द येतो, तोही आवाज खाली घेऊन: फुकटची शाळा.

म्हणून एका घराची गोष्ट लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. खरं तर यात तीन-चार घरांचे धागे एकत्र आले आहेत. मुलाच्या आईला मी इथे नुसतं 'ताई' म्हणेन.

ताई पहिल्यांदा आल्या २०२४ च्या पावसाळ्यात, शाळा सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. मुलगा पाचवीत. चौथीपर्यंत खाजगी इंग्रजी शाळेत होता. वडिलांचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान लॉकडाउनमध्ये बसलं ते पुन्हा धड उभं राहिलंच नाही. शेवटी दाखला काढला आणि मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका महापालिका शाळेत नाव घातलं. माध्यम इंग्रजीच ठेवलं.

"तेव्हापासून बोलायचाच बंद झालाय," ताई म्हणाल्या. "घरी आला की दप्तर पलंगाखाली ढकलतो. त्या शाळेनंच बिघडवलं त्याला."

मुलाला मी एकट्याला भेटले. महापालिका आपल्या शाळांतल्या मुलांना २७ शालोपयोगी वस्तू मोफत देते. गणवेश, बूट, वह्या आणि दप्तरसुद्धा. त्याच्या दप्तरावर जिथे महापालिकेचं नाव असतं, तिथे वायरमन वापरतात तसली काळी चिकटपट्टी लावलेली होती. दोन थर.

"ही कोणी लावली रे?"

"आईने."

"कशाला?"

"मामाला कळू नये म्हणून." मग जरा वेळाने, "मामाला वाटतं मी जुन्याच शाळेत आहे. त्याचा व्हिडिओ कॉल आला की मी मोरीत जाऊन उभा राहतो. गणवेश दिसेल ना."

"आणि शाळा कशी आहे?"

"चांगली आहे. खिचडी गरम असते. फक्त गणिताला बाई नाहीत, त्या रिटायर झाल्या."

दहा वर्षांच्या मुलाने शाळेचा हा अहवाल दिला, आणि मी आजवर वाचलेल्या कितीतरी अहवालांपेक्षा तो मला प्रामाणिक वाटला. बरं काय, कमी काय, दोन्ही होतं त्यात. त्याला शाळेचा त्रास होत नव्हता. मोरीत उभं राहण्याचा होत होता. मोठ्यांना जी लाज वाटते ती त्यांनी बोलून दाखवली नाही तरी मूल ती उचलतं, आणि कुठे ठेवायची ते कळत नाही म्हणून गप्प होतं. हे मी माझ्या कामात पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

त्यामुळे पुढच्या भेटी मी मुलाशी कमी आणि आई-वडिलांशी जास्त ठरवल्या. मी ज्या विचाराने काम करते, त्यात भावनेशी भांडत नाहीत. भावनेच्या पाठीमागे उभं असलेलं वाक्य शोधतात आणि ते खरं आहे का, हे त्या माणसालाच तपासायला लावतात.

"नुकसान होईल म्हणजे नक्की काय होईल?" मी ताईंना विचारलं.

त्यांनी भराभर सांगितलं. इंग्रजी कच्चं राहील. संगत बिघडेल. दहावीला आपटेल. शेजारणीने सांगितलं होतं की महापालिकेची निम्मी मुलं दहावीला नापास होतात. आणि शेवटी म्हणाल्या, "तिथे काय, विचारणारंच कोणी नसतं."

त्या वाक्यावर मी थांबले. बाकीच्या भीती सगळेच आई-बाप बोलून दाखवतात, पण हे वाक्य त्यांनी वेगळ्या आवाजात म्हटलं होतं.

"आधीच्या शाळेत तुम्ही काय काय विचारलं होतंत?"

ताई गप्प झाल्या. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिल्या, सोडत राहिल्या. अशा वेळी समुपदेशकाला काहीतरी बोलावंसं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच बोलायचं नसतं, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली. मी खिडकीबाहेरच्या पावसाकडे पाहत बसले.

"एकदाही नाही," त्या म्हणाल्या. "फी थकलेली असताना कोणत्या तोंडाने विचारणार? आणि थकलेली नव्हती तेव्हाही... इंग्रजीतून बोलावं लागेल म्हणून मागच्या बाकावर बसायचे. सही करायची आणि निघायचं."

मग रडल्या. तो हुंदका शाळा बदलल्याचा नव्हता. पाच-सहा वर्षं पैसे भरून गप्प बसल्याचा होता.

मला त्या दिवशी जे समजलं ते मी नंतर अनेक घरांत वापरलं आहे. 'तिथे विचारणारं कोणी नसतं' असं पालक म्हणतात, तेव्हा पुष्कळदा त्यांना म्हणायचं असतं, 'मला कुठेच विचारता येत नाही.' ज्या काळजीला पत्ता नसतो ती घरातच फिरत राहते, रात्री उशाशी बसते. तिला पत्ता दिला, म्हणजे हे काम कोणाचं, पैसे कोणाचे, दाद कुठे मागायची हे कळलं, की तिचा आकार बदलतो. म्हणून मी ताईंना घरी करायला एक काम दिलं. औषधासारखंच दिलं. ही शाळा कोण चालवतं आणि कोणाच्या पैशावर चालते, ते शोधून या.

पुढच्या भेटीला नवराही आला. तोवर एकदाही आला नव्हता. बसल्यावर त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. दुकानाच्या गाळ्याचं मालमत्ता कराचं बिल. घर लहान, ५०० चौरस फुटांच्या आतलं, त्यामुळे २०२२ पासून त्याला कर माफ. गाळ्याला मात्र तो लागतो. बिलातल्या एका ओळीवर त्याने पेनाने खूण केली होती: महापालिका शिक्षण उपकर.

"मॅडम, हे दरवर्षी भरतो. कधी वाचलं नव्हतं."

एवढंच बोलला. पण ताई ज्या नजरेने त्या कागदाकडे पाहत होत्या ती मी विसरणार नाही. 'फुकट' हा शब्द त्यानंतर त्या खोलीत पुन्हा आला नाही.

मग आम्ही तिघं मिळून बाकीचं वाचायला बसलो. प्राथमिक शाळा चालवणं हे १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने महापालिकेवर टाकलेलं बंधनकारक काम आहे, मर्जीचं नाही. शाळा आठ भाषांमधून चालतात: मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड. शिक्षणाचा अर्थसंकल्पही वेगळा मांडला जातो. २०२४-२५ चा होता ३,४९७.८२ कोटींचा. मुलं तीन लाखांहून जास्त. ताईंनी मोबाइलवर भागाकार केला आणि आकडा लाखाच्या घरात आला. "एका मुलामागे? वर्षाला?" मी लगेच सांगितलं की हा सगळा पैसा वर्गात पोहोचत नाही. यातला फार मोठा वाटा पगार आणि निवृत्तिवेतनाचा असतो, खाजगी अनुदानित शाळांचं अनुदानही यातूनच जातं. तरीही आपलं मूल कोणाच्या दयेवर शिकत नाही, हे समजायला तो ढोबळ आकडा पुरेसा होता.

शेजारणीच्या 'निम्मी मुलं नापास'चाही माग काढला. ती खोटं बोलली नव्हती. २०१९ साली महापालिका शाळांचा दहावीचा निकाल खरंच ५३ टक्क्यांच्या आसपास होता. पण त्याच वर्षी राज्य मंडळाने भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे, शाळेनेच द्यायचे अंतर्गत गुण काढून टाकले होते, आणि सगळ्या महाराष्ट्राचाच निकाल ८९ वरून ७७ टक्क्यांवर घसरला होता. पुढच्या वर्षी ते गुण परत आले, आणि महापालिकेचा निकाल ९३ च्या पुढे गेला. २०२४ ला तो ९१ च्या पुढे होता. म्हणजे ५३ वरून घाबरायचं नाही तसं ९३ वरून निर्धास्तही व्हायचं नाही. वर्षभरात मुलं दुपटीने हुशार होत नाहीत. गुण देण्याची रीत बदलली की वाताहत आधी त्या मुलांची होते ज्यांना घरी शिकवणारं कोणी नाही, आणि महापालिका शाळांत अशी मुलं जास्त आहेत. मी पालकांना नेहमी सांगते, निकालाचा आकडा हातात आला की आधी त्या वर्षी परीक्षेत काय बदललं ते विचारा. त्याहून बरं म्हणजे आपल्या मुलाची वही उघडा. तपासल्याच्या तारखा बघा. चुकीवर नुसती फुली आहे की बाजूला बरोबर उत्तर लिहिलंय, ते बघा. मुंबईतल्या हजारो मुलांची सरासरी तुमच्या मुलाबद्दल काही सांगत नाही, वही सांगते.

राहिली गणिताच्या बाईंची गोष्ट. ही काळजी मात्र खरी होती. खऱ्या काळजीला धीर देऊन गप्प करणं मला पटत नाही, त्याने माणूस आणखी एकटा पडतो.

"नगरसेवकाकडे जाऊ का?" ताईंनी विचारलं.

तेव्हा मुंबईत नगरसेवकच नव्हते. २२७ जणांच्या सभागृहाची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली होती, कारभार प्रशासक पाहत होते. एरवी शाळांचे प्रश्न ज्या शिक्षण समितीत उठतात, तीही सभागृहाबरोबर गेली होती. शिक्षणाधिकारी आणि त्यांच्या हाताखाली वॉर्डावॉर्डातले प्रशासकीय अधिकारी, एवढीच उतरंड उरली होती. ताईंचा चेहरा पडला. मी म्हटलं, एक जागा आहे, ती तुमचीच आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्यानुसार शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असावी लागते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला हव्यात. शाळेचं कामकाज पाहणं, शाळा विकास आराखडा करणं, आलेलं अनुदान कुठे खर्च झालं ते तपासणं हे या समितीचं काम. पहिली ते पाचवीला साधारण ३० मुलांमागे एक शिक्षक, हेही त्याच कायद्यात आहे. ज्या शाळेत ताई तोंड लपवून मुलाला सोडायला जात होत्या, तिथे कायद्याने त्यांची खुर्ची मांडून ठेवलेली होती. आणि तिथे बोलायला इंग्रजी लागत नाही.

कायद्यातली समिती आणि शाळेतली समिती यांत अंतर असतं, हे मला माहीत आहे. कितीतरी ठिकाणी ती रजिस्टरपुरती असते, सह्या गोळा होतात. मी ताईंना तसंच सांगितलं. सही करण्याआधी वरचं वाचायचं, बैठकीचं इतिवृत्त मागायचं, आपला मुद्दा त्यात लिहून घ्यायचा. तोंडी तक्रार हवेत जाते. इतिवृत्तात लिहिलेली तक्रार मुख्याध्यापकांच्याही उपयोगी पडते, कारण वर पत्र पाठवायला त्यांना आधार मिळतो. पालक आणि मुख्याध्यापक समोरासमोर उभे राहतात तिथे काही हलत नाही. शेजारी बसले की हलतं.

ताई आधी नुसत्या बैठकीला जाऊन बसल्या. दुसऱ्या खेपेला बोलल्या. घरी आरशासमोर वाक्य तीनदा म्हणून गेल्या होत्या: "पाचवीच्या गणिताला शिक्षक कधी मिळणार, ते लिहून घ्या." मुख्याध्यापिकांनी लिहून घेतलं. एवढंच नाही, म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही बोललात, मी एकटी कितीदा लिहिणार?" हे मला सांगताना ताईंच्या आवाजात जो ताठा होता, तो ऐकून मला माझ्या कामाचं समाधान वाटलं. ते लपवत नाही.

जागा लगेच भरली नाही. दुसऱ्या सत्रातले एक सर आठवड्यातून चार तास घेऊ लागले. दिवाळीनंतरही तेच चालू होतं.

हे वाचणाऱ्या, जून तोंडावर आलेल्या पालकांना माझं सांगणं असं, की शाळेच्या पाटीवरून घाबरू नका आणि पाटीवर विसंबूही नका. 'मुंबई पब्लिक स्कूल' हे नवं नाव लागलं, काही शाळांना सीबीएसई मंडळ मिळालं, म्हणून शेजारची जुनी मराठी शाळा आपोआप कमी होत नाही. घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला पहिली काही वर्षं मराठीत समजू द्यावं, असं माझं ठाम मत आहे. पण ते पालकांवर लादत नाही. प्रवेशाआधी मधल्या सुट्टीत जाऊन या, मुलं शिक्षकांशी कशी बोलतात ते ऐका. शाळा कितवीपर्यंत आहे हे नक्की विचारा. अनेक महापालिका शाळा सातवी-आठवीला संपतात, आणि तिथून पुढे कुठे, हा प्रश्न आठवीच्या एप्रिलमध्ये पडला तर उशीर झालेला असतो. आणि प्रवेश घेतलाच, तर कोणापासून लपवू नका. लपवण्याचं ओझं तुमच्या खांद्यावर राहत नाही, ते दप्तरात जातं.

भाऊबीजेला मामा घरी आला. ताईंनी आधी फोन करून सगळं सांगितलं होतं. मामा थोडा रागावला, तोही शाळेवरून नाही, आपल्याला परकं धरलं म्हणून. काळी पट्टी मुलाने स्वतः काढली, पण तिचा चिकटा दप्तरावर राहून गेला. शेवटच्या भेटीत त्याने मला तो दाखवला. खोबरेल तेल लावून घासलं तर निघेल का, असं विचारत होता.