थंडीतले मत्स्यतळे आणि मुलीचे करिअर: एका पालकांना उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपली कन्या नागपुरात बी.एफ.एस्सी.च्या (मत्स्यशास्त्राच्या पदवीच्या) तिसऱ्या वर्षात आहे आणि तिला उत्तराखंडात जाऊन पॉलिहाऊसखालच्या तळ्यांतील कार्पसंवर्धन, म्हणजे कार्प जातीचे मासे वाढवणे, शिकायचे आहे. विदर्भातल्या तलावांना त्याचा उपयोग काय, असे आपण विचारता. तिने जावे, असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र तेथे नेमके काय शिकायचे याची जाणीव ठेवून जावे.

उत्तराखंडातल्या कुमाऊंच्या डोंगरांत हिवाळ्यात तळ्याचे पाणी १० अंशांच्या खाली गेले की सायप्रिनस (कॉमन कार्प मासा) जवळजवळ खाणे सोडतो आणि त्याची वाढ कित्येक महिने खुंटते. वर पारदर्शक पॉलिथिनचे छत घातल्यास ऊन आत येते, वारा अडतो, बाष्पीभवनाने जाणारी उष्णता वाचते आणि पाणी काही अंशांनी उबदार राहते. खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते. वारा नसल्याने पाण्याची ढवळण थांबते. पहाटे ऑक्सिजन घटून मासे पृष्ठभागावर तोंड काढू लागतात. तापमान न पाहता खाद्य टाकले तर उरलेले कुजून अमोनिया वाढतो, आणि पाणी जितके उबदार व अल्कधर्मी, तितका तो अधिक घातक ठरतो. म्हणून जाणता माणूस सकाळी आधी तापमापी आणि ऑक्सिजन मीटर पाण्यात बुडवतो, खाद्याच्या पोत्याला हात नंतर लावतो.

विदर्भात रोहू-कटला वाढवायला असे छत सहसा लागत नाही, हे आपले म्हणणे रास्त आहे. परंतु ऑक्सिजन, अमोनिया आणि खाद्य यांचा हा रोजचा हिशेब मत्स्यबीज केंद्रात, बायोफ्लॉकमध्ये (सूक्ष्मजीवांकरवी पाणी शुद्ध ठेवून टाकीत मासे वाढवण्याच्या पद्धतीत) आणि पाणी फिरवून वापरणाऱ्या टाक्यांतही तसाच ठेवावा लागतो, आणि तो नीट ठेवणारी माणसे आपल्याकडे कमी आहेत, याची मला खरोखर काळजी वाटते.

भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने १९८७ साली शीतजल मत्स्यसंशोधनाचे राष्ट्रीय केंद्र सुरू केले. आज ती कुमाऊंतल्या भीमताल येथील मोठी संस्था आहे आणि चंपावतला तिचे प्रायोगिक क्षेत्र आहे. चौथ्या वर्षाच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाचा काही काळ तेथे, तोही डिसेंबर-जानेवारीतच, मिळावा यासाठी तिने आताच प्राचार्यांमार्फत पत्र पाठवावे. काम मनाला पटले तर मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत किंवा उत्तराखंडातल्या पंतनगरच्या कृषी विद्यापीठात एम.एफ.एस्सी. करता येईल. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत महिलांना प्रकल्पखर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे. तरी एक पूर्ण हंगाम दुसऱ्याच्या तळ्यावर राबल्याशिवाय तिच्या नावे कर्ज काढू नये.