आधी आईची बोली घरात येऊ द्या

दुबईहून एका वडिलांचं पत्र आहे : ‘मी रत्नागिरीचा, पत्नी फिलिपिन्समधल्या कापिस प्रांतातली. मुलगी बारावीत. तिला आईकडच्या भुताखेतांवर अद्भुतकथा लिहायच्या आहेत. घरात अंधश्रद्धा नको म्हणून पत्नीला मुलीसमोर तसल्या गोष्टी आणि तिची बोली, दोन्ही बंद करायला लावली. तरी खूळ जात नाही. नर्सिंगसाठी तिला कसं पटवू?’

नमस्कार. मुलीची मला काळजी वाटत नाही, तुमच्या घराची वाटते. एक बाई स्वतःच्या घरात, स्वतःच्या लेकीशी स्वतःच्या बोलीत बोलत नाही, आणि हे तुम्ही शिस्त म्हणून लिहिता. तुमच्या आईला कुणी सांगितलं असतं, नातीशी मराठी बोलू नका, तर तुम्ही ऐकून घेतलं असतंत? मुंजा, हडळ, गिऱ्हा यांच्या गोष्टी तुम्हीही लहानपणी ऐकल्या असतीलच. त्यांनी तुमचं काय बिघडलं?

भुतावर लिहिणं म्हणजे भूत मानणं नव्हे. फिलिपिन्समधलं अस्वांग घ्या, माणसाच्या रूपात वावरणारं, रक्तामांसावर जगणारं. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या हुक या कम्युनिस्ट बंडखोरांविरुद्धच्या मोहिमेत अमेरिकन अधिकारी एडवर्ड लॅन्सडेल यांनी हीच भीती वापरली. एका बंडखोराला पकडून मानेला दोन भोकं पाडली, रक्त काढलं आणि प्रेत पुन्हा वाटेवर टाकलं. त्यांनी स्वतःच हे आठवणींत लिहून ठेवलंय. भीती कुणाच्या कामाला येते, हे दाखवणारी कथा अंधश्रद्धा वाढवते की उघडी पाडते?

लेकीलाही सांगतो. कमरेपासून सुटून उडणारी मनानंगल, खालच्या धडावर टाकायचं मीठ, एवढं इंटरनेटवर कुणालाही मिळतं. तेवढ्यावर कथा उभी राहत नाही. कापिस म्हणजे अस्वांगांचा मुलूख, अशी त्या देशात ख्याती आहे. ‘मी कापिसची’ म्हटल्यावर मनिलात लोक काय म्हणाले, ते आईला विचार. ज्या गावाला सगळे घाबरतात त्या गावची माणसं कशी जगतात, हे तुला घरबसल्या कळू शकतं. दुसऱ्या कुणाकडे हे नाही. त्यासाठी आईची बोली शीक. काही गोष्टी इंग्रजीत सांगताना तिचीही जीभ अडखळेल.

नर्सिंग चांगला पेशा आहे, पण तो तिने मागितलेला नाही. नुसत्या कथांवर घर चालणं फार कठीण, हेही खरं. शिकवणं, संपादन, भाषांतर असं काही जोडीला लागेल. फिलिपिन्स विद्यापीठाच्या डिलिमन संकुलात सर्जनशील लेखनाची पदवी आहे. परदेशातून येणाऱ्यांच्या अटी विद्यापीठाकडूनच लेखी मागवा. दुमागेते शहरात सिलिमन विद्यापीठाची लेखक कार्यशाळा 1962 पासून चालते, ती पुढे कधीतरी.

अर्जांचं नंतर बोलू. तुमच्या तीन पानांत वहिनींचं एकही वाक्य नाही. पुढचं पत्र त्यांना लिहू द्या.