घेवड्यावरचा करपा : वाण तोच, मग रोग वेगळा का?

प्रश्न : वाघ्या घेवडा घरच्या बियाण्यावर करतो. यंदा शेंगांवर काळे, खोलगट डाग पडले. 'करप्याला दाद न देणारा' म्हणून भावाने आणि शेजाऱ्याने दुसरा वाण लावला. शेजाऱ्याचा स्वच्छ राहिला, भावाचा मात्र करपला. असे का?
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : आधी पाने उलटून पाहा. खालच्या शिरा विटकरी ते काळ्या झाल्या असतील आणि दमट हवेत शेंगेवरच्या डागात गुलाबी चिकट थर दिसत असेल, तर हा कोलेटोट्रायकम लिंडेमुथियानम बुरशीचा करपा. शिरांमध्ये अडलेले कोनाकार करडे ठिपके हा वेगळा रोग.

या बुरशीच्या अनेक 'रेस' असतात. दिसायला सगळ्या सारख्या, पण प्रत्येकीला बळी पडणारे वाण वेगळे. ओळखण्यासाठी घेवड्याचे १२ ठरावीक वाण वापरतात. त्यांना १, २, ४, ८ असे दुपटीने २०४८ पर्यंत आकडे दिलेले आहेत. रोपांवर बीजाणू फवारायचे, दमट हवेत ठेवायचे आणि जे वाण रोगट होतील त्यांच्या आकड्यांची बेरीज करायची. मिशेलाइट (१), कॉर्नेल ४९-२४२ (८) आणि मेक्सिको २२२ (६४) हे वाण रोगट झाले, तर ती रेस ७३. हिशेब इतका चोख, की बेरजेवरून वाणांची यादी उलट काढता येते.

म्हणून विक्रेत्याला विचारा : प्रतिकारक, पण कोणत्या रेसला? एकाच जनुकावर उभा असलेला प्रतिकार बुरशीतल्या लहानशा बदलानेही ढासळतो. भावाच्या रानात वेगळी रेस असेल, किंवा शेजाऱ्याकडे बुरशी पोचलीच नसेल. चाचणीशिवाय ठरवता येणार नाही.

भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या मात्र सोडू नका. बियाणे सुधारा, कारण रेस बियाण्यातूनच गावोगाव फिरते. वाघ्याच्या बियांवरील पट्ट्यांत डाग लपतो, त्यामुळे निवड खळ्यावर नको, उभ्या पिकात करा : शेंगा भरताना निरोगी झाडांना सुतळी बांधा आणि त्यांचेच बी वेगळे ठेवा. पेरताना किलोला ३ ग्रॅम थायरम हे बुरशीनाशक चोळा. पण बुरशी सालीखाली शिरलेली असली तर थायरम तिथवर पोचत नाही, म्हणून डागी बी वाचवायला जाऊ नका. दव असताना खुरपणीला शिरू नका, चिकट बीजाणू हातापायांना लागून सऱ्यांमागून सऱ्या पसरतात. पहिला डाग दिसताच १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम मॅन्कोझेब (बुरशीनाशक), पानांच्या खालूनही फवारा. हिरव्या शेंगा विकणार असाल तर डब्यावरचा काढणीपूर्व कालावधी (शेवटच्या फवारणीपासून तोडणीपर्यंतचे दिवस) पाळा. त्या रानात दोन-तीन वर्षे ज्वारी किंवा बाजरी घ्या.